गॉगल घ्यायचाय? आधी पट्टा सोडा!

बालमित्रांनो, वऱ्हाडातलं ऊन तापलं की अमरावती-अकोल्याची पोरं तलावाकडे धावतात. तिथलं क्लोरीनचं पाणी डोळ्यांना झोंबतं, म्हणून गॉगल हवाच. पण निवडायचा कसा?

पट्टा डोक्यामागे न लावता दोन्ही वाट्या डोळ्यांवर हलकेच दाबा आणि हात काढा. दोन-तीन सेकंद चिकटून राहिल्या, तर माप बरोबर! लगेच गळून पडल्या, तर दुसरा मागा. पट्टा करकचून आवळल्यानं माप जमत नाही. वळ उठतात, डोकं दुखतं. नाकावर टोचत नाही ना, तेही बघा.

आणि हो, हा गॉगल लावून विहिरीत खोल बुडी मारायची नाही हं! खाली पाण्याचा दाब वाढतो, वाट्या डोळ्यांना ओढतात आणि इजा होऊ शकते. आईबाबांनो, मूल वाढतं तसं मापही बदलतं. दर उन्हाळ्यात पुन्हा तपासा.