जिताड्याच्या भेटीची वेळ

परवा नातवाने आफ्रिकेतल्या नद्यांचे एक रंगीत पुस्तक माझ्यापुढे उघडले. झांबेझीवर टायगरफिश गळाला लावायचा तर पाणी उतरल्यावर, ऑगस्ट ते नोव्हेंबरात जावे. युगांडात मर्चिसन धबधब्याखाली नाईल पर्च मिळतो आणि तो शंभर किलोंच्याही वर जातो, वगैरे वगैरे. "आजोबा, जाऊ या?" मी म्हटले, "अरे, त्या नाईल पर्चचा चुलतभाऊ आपल्या रेवदंड्याच्या खाडीत राहतो. त्याला आधी भेटू."

हा चुलतभाऊ म्हणजे जिताडा. रायगडात ही नुसती मासळी नव्हे, हे चलन आहे. जावई आला की जिताडा, साहेबाकडे काम अडले की जिताडा! 1988 साली माझी या किनाऱ्यावर बदली झाली तेव्हा कर्जाच्या एका अर्जापाठोपाठ पाच किलोंचा जिताडा दारात आला. मी तो परत पाठवला. सौ. माहेरची अलिबागची, दोन दिवस बोलली नाही. तेव्हाच ठरवले, खायचा तर स्वतः गळ टाकून.

गळ शिकवला तो एका वृद्ध कोळीबाबांनी. कुंडलिकेचे मुख, धरमतरची खाडी, राजपुरीची खाडी, जागा पुष्कळ आहेत. पण मासा बसतो तो आडोशाला. पुलाचे खांब, कांदळवनाची मुळे, खारभूमीच्या बांधाची उघाडी. आमिष जिवंत कोळंबीचे किंवा लहान बोयीचे. भरतीची वेळ बाबा बोटांवर काढीत. तिथीला पाऊणने गुणायचे. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. बँकेत आयुष्य घालवूनही इतका सुटसुटीत हिशेब मी दुसरा पाहिला नाही. नवशिक्याने भांगाच्या दिवसांत जावे, पाण्याला ओढ कमी असते. आणि पावसाचा गढूळपणा ओसरल्यावर, म्हणजे दसऱ्यानंतर.

पावसाळ्यात मात्र नाही. एकदा जुलैत माझ्या गळाला मोठा जिताडा लागला. मी हरखलो. बाबांनी त्याच्या पोटावरून हात फिरवला आणि म्हणाले, "सायेब, भरलेली हाय. जाव द्या तिला." मी मनातून चरफडलो, पण सोडली.

त्या 'तिला'चा अर्थ पुढे वाचनात उलगडला. जिताडा आयुष्याची पहिली काही वर्षे नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. म्हणजे फोटोसाठी आपण जो सर्वांत मोठा मासा छातीशी धरतो, ती बहुधा लाखो अंडी घालणारी मादी असते. पावसाळ्यात ती खाडीच्या मुखाशी अंडी घालते आणि पिल्ले भरतीबरोबर खाजणांत शिरतात. पेण-अलिबागकडे तीच पिल्ले धरून तळ्यांत वाढवण्याची जुनी रीत आहे.

यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. पुलावरून गळ टाकणाऱ्या हौशी माणसाला ही बंदी नाही. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून मोटारी येतात, त्या पावसातच अधिक. माझे एक मित्र म्हणतात, जाळी टनावारी ओढतात, माझ्या एका गळाने काय होणार? पण जाळेवाल्याचे त्यावर पोट आहे आणि त्याने दोन महिने होडी ओढून ठेवलेली असते. आपण तर मौजेखातर जातो. मग निदान त्याच्याइतके तरी थांबावे, असे मला वाटते. ऑगस्टही मी सोडतो. आणि पाच-सहा किलोंच्या वरचा मासा बाराही महिने परत पाण्यात. लहान मात्र मी आनंदाने खातो. उगाच संतपणाचा आव कशाला?

माणसाच्या हौसेचा दुसरा मासला आफ्रिकेतच आहे. 1950च्या दशकात व्हिक्टोरिया सरोवरात नाईल पर्च नेऊन सोडला. त्याने तिथल्या शेकडो जातींच्या लहान माशांची दाणादाण उडवली. तिथे चुलतभाऊ नको तिथे नेला. इथे तो आपल्या घरी आहे, त्याला फक्त पावसाळ्याचे तीन महिने हवेत.

नातवाला सांगितले आहे, दिवाळीनंतरची अष्टमी. सहाची भरती. पहाटे चारला उठावे लागेल. त्याने पुस्तक मिटले आणि विचारले, "कोळंबी जिवंत कशी ठेवायची?"