रिसीव्हरची परीक्षा शांततेत

घरात होम थिएटर आहे असे सांगितले की पाथर्डीत पुढचा प्रश्न ठरलेला असतो : किती वॉटचे? आम्ही उभयता महाविद्यालयात मराठी शिकवतो. या प्रश्नाला गेली दहा-अकरा वर्षे आम्ही देत आलेले उत्तर बहुतेकांना पटत नाही. आम्ही म्हणतो, वॉट विचारू नका; पडद्यावर सारे शांत असते तेव्हा तो रिसीव्हर कसा वागतो, ते विचारा. या उत्तराचा खुलासा करावा आणि त्या निमित्ताने एका यंत्राच्या सहवासाचा हिशेब मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

रिसीव्हर म्हणजे होम थिएटरचा मेंदू आणि हृदय एकाच पेटीत. दूरचित्रवाणी, डीव्हीडी प्लेअर, सेट-टॉप बॉक्स यांचे ध्वनी तो आत घेतो, पाच दिशांचे पाच आणि खर्जाचा एक असे सहा भाग करतो आणि स्पीकरांना शक्ती पुरवतो. आम्ही तो २०१४च्या दिवाळीत पुण्याहून २७,००० रुपयांना आणला. दुकानात आम्हांला एका इंग्रजी युद्धपटातील हेलिकॉप्टर आणि लागोपाठ तीन स्फोट ऐकवण्यात आले. काचा थरथरल्या, आम्ही भारावलो. दोन माणसे साधे बोलत आहेत असा प्रसंग ऐकवा, असे म्हणण्याचे आम्हांला सुचले नाही. आयुष्यभर संवादांची चिकित्सा करणाऱ्या माणसांकडून ही चूक व्हावी, याची आज गंमत वाटते.

आवाज चांगला म्हणजे आवाज मोठा, हे समीकरण आपल्या भाषेतच किती रुजले आहे, याचा पुरावा एका शब्दात आहे. तो शब्द ‘डॉल्बी’. मिरवणुकीत ट्रॅक्टरवर रचलेली स्पीकरांची भिंत म्हणजे डॉल्बी. वर्तमानपत्रांत ‘डॉल्बीमुक्त गणेशोत्सव’ हा मथळाही आता रुळलेला आहे. मूळ रे डॉल्बी हा अमेरिकी अभियंता १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचा तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होता. येथून जाऊन त्याने १९६५ साली लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली आणि पहिले यंत्र केले ते ध्वनिफितीवरची खरखर कमी करणारे. ज्याने गोंगाट घटवण्यापासून आरंभ केला, त्याच्या नावाला मराठीने गोंगाट हाच अर्थ दिला. शब्दांचे अर्थ उलटतात हे आम्ही वर्गात शिकवतो. पण इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच हाती लागते.

येथे एक गोष्ट न्यायाने नोंदवली पाहिजे. आमच्या तालुक्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात, वर्षातले पाच-सहा महिने परमुलखात काढतात. परत आल्यावर घरच्या लग्नात अंगण भरून जाईल एवढा आवाज हवा असे त्यांना वाटले, तर त्यावर नाके मुरडण्याचा अधिकार आम्हांला नाही. अंगणाला मोठा आवाज लागतोच. आमचा आक्षेप एवढाच, की अंगणाचे माप आपण बारा बाय चौदाच्या खोलीत आणतो. शक्ती दुप्पट केली, म्हणजे पन्नास वॉटचे शंभर केले, तरी ध्वनीची पातळी तीनच डेसिबलने वाढते. आणि खोलीत रोजच्या ऐकण्याला बहुधा एखाददुसरा वॉटच खर्च होतो. त्यातही खोक्यावरचा आकडा एकच स्पीकर चालू ठेवून, दहा टक्के विकृती चालवून घेऊन मोजलेला असू शकतो. पूर्वीच्या म्युझिक सिस्टिमांवर ‘पीएमपीओ’ म्हणून जे हजारो वॉट छापलेले असत, त्यांचा तर वास्तवाशी फारसा संबंधच नसे.

मग रिसीव्हर घेऊन आम्हांला मिळाले काय? मिळाली ती व्यंजने.

घरात आई आहेत. आमच्यापैकी एकाची आई, दुसरीच्या सासूबाई. वय वाढते तशी श्रवणशक्ती सरसकट कमी होत नाही, आधी वरच्या पट्टीतले ध्वनी जातात. बोलण्यात जोर स्वरांचा असतो, पण अर्थ बव्हंशी व्यंजने वाहतात; आणि स, श, थ, फ यांसारखी हळवी व्यंजने नेमकी त्या वरच्या पट्टीत राहतात. त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला कोणी बोलते आहे हे कळते, काय बोलते आहे हे कळत नाही. त्यात आजच्या चपट्या टीव्हीला स्पीकर बसवायला जागा उरलेली नसते. त्यांची तोंडे खाली जमिनीकडे किंवा मागे भिंतीकडे असतात. आई म्हणत, “हल्ली सगळेच तोंडातल्या तोंडात बोलतात.” आम्ही टीव्हीचा आवाज वाढवत असू, त्याने पार्श्वसंगीत वाढे, शब्द होते तिथेच राहत.

रिसीव्हरच्या पाच वाटांपैकी मधली वाट मुख्यतः संवादांची असते. त्या एका स्पीकरची पातळी तीन-चार डेसिबलने वर घेतली, खर्ज उतरवला आणि लहान-मोठ्या आवाजांतले अंतर कमी करणारी रात्रीची सोय चालू केली. त्या संध्याकाळी आईंनी बातम्या पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकल्या आणि मध्येच निवेदिकेची चूकही काढली. एकूण आवाज पूर्वीपेक्षा कमीच होता. सत्तावीस हजारांचे सार्थक आमच्या मते त्या दिवशी झाले, हेलिकॉप्टरच्या दिवशी नव्हे.

दोष कळला तो ‘सैराट’मुळे. २०१६ साली आलेल्या या चित्रपटाच्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसमधील सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिम्फनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला होता. मिरवणुकांतून ती गाणी इतकी बडवली गेली, की त्यांत व्हायोलिनेही आहेत हे घरी ऐकल्यावरच ध्यानात आले. पण आम्हांला सांगायचे आहे ते शेवटाविषयी. शेवटच्या दृश्यात नागराज मंजुळे यांनी आवाज काढूनच घेतला आहे. लहान मूल रडते आणि त्याचे रडणे आपल्याला ऐकू येत नाही. घरी पाहताना नेमक्या त्या क्षणी आमच्या स्पीकरांतून बारीक, अखंड घरघर येऊ लागली. ती आधीही होतीच. गाण्यांखाली झाकली गेली होती. दिग्दर्शकाने कमावलेली शांतता आमच्या यंत्राने मोडली. रिसीव्हरची परीक्षा शांततेत होते, हे आम्ही त्या रात्री शिकलो.

बाजारपेठेतले आमचे मेकॅनिक आधी रेडिओ-टेप दुरुस्त करीत, आता मोबाइलवर पोट भरतात. त्यांनी पेटी उघडलीच नाही. सेट-टॉप बॉक्समागची केबलची वायर तेवढी उपटली. घरघर बंद! मग म्हणाले, “सर, रोग घरात आहे, पेटीत नाही.” केबलचे अर्थिंग एकीकडे, आपल्या घराचे दुसरीकडे, दोहोंच्या पातळीत फरक पडला की मधल्या तारांतून सूक्ष्म प्रवाह वाहतो आणि आपल्या विजेची पन्नास हर्ट्झची गुणगुण स्पीकरांत उतरते. आमची अर्थिंगची पट्टी परसातल्या मीठ-कोळशाच्या खड्ड्यात पुरलेली आणि दिवस मे महिन्याचे. माती ओली असेल तरच अर्थिंग नीट काम करते. पर्जन्यछायेतल्या या तालुक्यात जिथे पिण्याच्या टँकरची वाट पाहायची, तिथे अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी कोण ओतणार? तरी भांडी घासल्याचे पाणी आम्ही तिकडे वळवले आणि गुणगुण निम्म्यावर आली. उरलेली, केबलवर एक छोटा आयसोलेटर बसवल्यावर गेली. काहीजण यावर प्लगची तिसरी पिन तोडण्याचा उपाय सांगतात. तो जीवघेणा आहे. चांगल्या आवाजासाठी कोणी तो करू नये.

यंत्र मात्र पुढे खरोखरच आजारी पडले. हौसेने करून घेतलेल्या काचेच्या कपाटात आम्ही ते कोंडले होते. एप्रिलमध्ये ते तासाभराने आपोआप बंद पडे आणि पडद्यावर ‘प्रोटेक्ट’ अशी अक्षरे येत. आतले कपॅसिटर दर दहा अंश वाढीव तापमानाला साधारण निम्मे आयुष्य गमावतात, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. कपाटाची काच काढली, वर वीतभर जागा सोडली, तेव्हा हा त्रास थांबला. नंतर २०१९च्या जूनमधल्या वळवाच्या विजांत एचडीएमआयचा बोर्ड गेला. पेटी सुरू होई, पण टीव्हीशी तिचे बोलणे तुटले.

शहरातल्या अधिकृत सेवाकेंद्राने पेटी पंधरा दिवस ठेवून घेतली आणि सांगितले, की हा बोर्ड आता येत नाही. नवीन मॉडेल घ्या, जुन्याचे दोन हजार वजा करू. पाच वर्षांपूर्वीची वस्तू त्यांच्या लेखी पुराणवस्तू झाली होती. त्या अडीच महिन्यांत घरात काय झाले, हे आम्हांला उशिरा उमगले. आई संध्याकाळी टीव्हीसमोर बसत, दहा मिनिटांत उठत, आतल्या खोलीत जात. विचारले तर म्हणत, “तुम्ही बघा. मला काय, सगळं सारखंच.” आम्हांला वाटले, वय झाले. मधला स्पीकर मुका झाला आहे, हे कारण आम्हांला दिसले नाही.

तोडगा पुन्हा त्याच मेकॅनिककडे निघाला. बोर्ड दुरुस्त होणार नाही, हे त्यांनीही मान्य केले. मात्र टीव्हीच्या मागच्या ऑप्टिकल छिद्रातून एक वायर काढून त्यांनी रिसीव्हरला जोडली. चित्र थेट टीव्हीवर, आवाज या वाटेने रिसीव्हरमध्ये. या वायरीतून वीज नव्हे, प्रकाश जातो; त्यामुळे तिच्या वाटेने घरघरही येत नाही. ध्वनीचे काही नवे प्रकार तिच्यातून जात नाहीत, हे खरे. आमचे त्यावाचून अडलेले नाही. जाता जाता त्यांनी दोन फुगलेले कपॅसिटरही बदलले. सगळा खर्च ९५० रुपये. ती पेटी आजही चालते.

हा अनुभव एकट्या आमचा नाही. १९४६ साली स्थापन झालेल्या ओंक्यो या नामांकित जपानी कंपनीच्या २००९ ते २०१२ या काळातील काही रिसीव्हरांत असाच दोष निघाला होता. आमचा रिसीव्हर त्या कंपनीचा नव्हे. तिने मोफत दुरुस्तीची मुदत २०१८ अखेरपर्यंत वाढवली, हे तिच्या पदरात टाकले पाहिजे. त्याच ओंक्योच्या गृहध्वनी व्यवसायाच्या कंपनीने २०२२च्या मे महिन्यात जपानी न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. नाव मोठे असले म्हणजे भरवसा असतोच असे नाही, आणि दोष पत्करणारी कंपनी टिकतेच असेही नाही. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये ‘राइट टू रिपेअर’चे संकेतस्थळ सुरू केले. पाऊल योग्य आहे. पण सुटा भागच मिळत नसेल, तर दुरुस्तीचा हक्क कागदावर राहतो. किती वर्षे भाग पुरवू हे खोक्यावर वॉटांच्या शेजारी छापण्याची सक्ती झाली पाहिजे, असे आमचे मत आहे.

‘हाय-फाय’ या शब्दाचा मूळ अर्थ उच्च कोटीचे इमान. ध्वनीचे इमान आणि यंत्राचे इमान आम्ही दोन गोष्टी समजत होतो; सहवासानंतर त्या एकच वाटू लागल्या आहेत. मूळ आवाजात नसलेले काही घालू नये आणि असलेले काही गाळू नये, हे पहिले इमान. गरजेच्या दिवशी मुके होऊ नये आणि झालेच तर गावातल्या माणसाच्या हाताला दाद द्यावी, हे दुसरे. दुकानात जाणाऱ्याने म्हणूनच तीन गोष्टी कराव्यात. दोन माणसांचे बोलणे ऐकावे, काहीही न लावता आवाज अर्ध्यावर नेऊन शांतता ऐकावी, आणि पाच वर्षांनी बोर्ड मिळेल का हे विचारावे.

शेवटी एका कॅसेटविषयी. २००३ साली एम.ए.च्या लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी आम्ही आईंच्या जात्यावरच्या ओव्या साध्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतल्या होत्या. गेल्या वर्षी एक जुना डेक मिळवून ती कॅसेट रिसीव्हरवर लावली. खरखर फार होती, म्हणून डेकवरचे डॉल्बीचे बटण दाबले. खरखर कमी झाली, पण मूळ मुद्रण डॉल्बीचे नसल्यामुळे आवाजावर पांघरूण पडल्यासारखे झाले. ओव्यांतला श्वास आणि पीठ सांडतानाची सळसळही दबली. आई ऐकत होत्या. म्हणाल्या, “होतं तसं राहू दे. जातं ऐकू येत नाही.”

आम्ही बटण सोडले. आता ती कॅसेट खरखरीसकटच लागते.