तीन लाखांची देणगी आणि कार्बनची चाकं

पोस्ट मोठी आहे. पूर्ण वाचून मगच कमेंट करा ही विनंती. अर्धी वाचून शिव्या घालणाऱ्यांना मी गेली वीस वर्षं ओळखतो, त्यांना वेगळं उत्तर देणार नाही.

आपल्या वाईच्या सायकल क्लबला एका दानशूर माणसाने वडिलांच्या स्मरणार्थ तीन लाख रुपये दिले. अट एकच, पैसा माउंटन बाइकिंगसाठी वापरायचा. गेल्या आठवड्यात त्यावर पहिली बैठक झाली. प्रस्ताव आला की क्लबच्या 'अ' संघासाठी कार्बनच्या चाकांच्या दोन जोड्या घ्याव्यात. एका जोडीचं कोटेशन एक लाख पस्तीस हजार, म्हणजे दोन लाख सत्तर हजार. उरलेल्या तीस हजारांत जर्सी. जर्सीवर देणगीदाराच्या वडिलांचं नाव.

मी विरोध केला. त्यावर एक सन्माननीय सदस्य म्हणाले, "पत्रकारांना सायकलमधलं काय कळतं?" हशा झाला, मीही हसलो. पण घरी येऊन झोप लागली नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी माझी चूक सांगतो. तीन वर्षांपूर्वी रविवारच्या पुरवणीत मी सायकलींवर पान केलं होतं. त्यात कार्बनच्या चाकांवर एक चौकट होती. 'वजन निम्मं, वेग दुप्पट' असला काहीतरी मथळा मीच दिलेला. माहिती कुठून आली? विक्रेत्याने दिलेल्या पत्रकातून. पत्रकारितेची पदविका घेताना मास्तरांनी पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं की बातमी दोन ठिकाणी पडताळून घ्या. मी एका ठिकाणीही पडताळली नाही. वजन निम्मं नसतं आणि वेग दुप्पट तर नसतोच नसतो. त्याची दुरुस्ती त्या पेपरात कधी छापून आली नाही, ती इथे समजा.

आता हिशेब. २९ इंची माउंटन बाइकची चांगली अ‍ॅल्युमिनियमची चाकं जोडीला साधारण १८०० ते १९०० ग्रॅम भरतात. त्याच कामाची कार्बनची १५०० ते १६०० भरतात. वाचले तीनशे, फार तर साडेतीनशे ग्रॅम. तुम्ही, सायकल, हेल्मेट, पाणी, पंप असं सगळं मिळून ९० किलो धरा. आपल्यातल्या काहींच्या बाबतीत हा आकडा मी मैत्रीखातर कमी धरलाय. ९० किलोतले ३५० ग्रॅम म्हणजे शेकडा ०.४ सुद्धा नाहीत. पसरणी घाट चढून पाचगणीला जायला ज्याला एक तास लागतो त्याचे यातून वाचतील जास्तीत जास्त १४ सेकंद. अर्धी बाटली पाणी कमी भरून नेलं तरी तेवढंच वजन कमी होतं, आणि त्याला एक लाख पस्तीस हजार लागत नाहीत.

यावर लगेच उत्तर येतं, "साहेब, फिरत्या वजनाचं गणित वेगळं असतं. चाकावरचा एक ग्रॅम म्हणजे फ्रेमवरचे दोन ग्रॅम." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. वेग वाढवताना रिंगच्या कडेचं वजन जवळपास दुपटीने जाणवतं, हे खरं. पण एकसारख्या चालीने चढ चढताना वजन चाकावर आहे का पोटावर आहे, हे गुरुत्वाकर्षण विचारत नाही. आणि आपला चढ कसा असतो? ताशी सात-आठ किलोमीटर, जीभ बाहेर. तिथे वेग वाढवतंय कोण?

स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर दहा वेळा जगज्जेता झाला, २०१६ ला रिओत ऑलिम्पिक सुवर्ण जिंकला. त्याच्या पातळीवर १४ सेकंद म्हणजे पदक आणि हात हलवत परत येणं यातला फरक. त्याला ती चाकं हवीतच, आणि त्याला ती विकत घ्यावी लागत नव्हती. आपल्या 'अ' संघाचे दोन्ही मोहरे गेल्या शर्यतीत पहिल्या माणसाच्या मागे अनुक्रमे २२ आणि ३१ मिनिटांनी पोहोचले. दोघेही माझे मित्र आहेत. दोघांनाही हे आकडे माहीत आहेत. ही मिनिटं चाकं बदलून भरून निघणारी नाहीत. ती पहाटे साडेपाचला उठून भरून निघतात, नाहीतर मग नाहीच.

कार्बन वाईट आहे असं मी म्हणत नाही. एका मित्राची चाकं लावून दोन रविवार मी स्वतः फिरलोय. मजा येते. वळणावर सायकल जिथे वळवाल तिथेच जाते, चाक लचकत नाही. कार्बन तकलादू असतं असा एक समज आहे, तोही आता खरा नाही. ज्या दगडावर अ‍ॅल्युमिनियमची रिंग दबते, तिथून चांगलं कार्बन ओरखडासुद्धा न घेता निघून जाऊ शकतं. पण एकदा तडा गेला की संपलं. अ‍ॅल्युमिनियम वाकतं, कार्बन तुटतं. वाकलेली रिंग घेऊन एसटी स्टँडमागच्या बोळातल्या मिस्त्रींकडे जा. ते पान्ह्याने कड सरळ करतील, स्पोक ताणून आऊट काढतील, चहा पिईपर्यंत काम होतं. अगदीच कामातून गेली तर भंगारवाला किलोवर घेतो आणि ती वितळून पुन्हा कशात तरी येते. कार्बनच्या धाग्यांना धरून ठेवणारं रेझिन एकदा कडक झालं की वितळत नाही. तडा गेलेलं चाक कुरिअरने पाठवायचं, कंपनीने फोटो मागवायचे, वॉरंटी म्हणजे काय यावर मेल-मेल खेळायचं, आणि तोपर्यंत शर्यतीचा सीझन संपायचा. ज्या मित्राची चाकं मी चालवली त्याचं मागचं चाक मेणवलीच्या पुढे एका दगडावर गेलं. साडेचार महिने सायकल भिंतीला टेकून होती. तो नोकरदार माणूस आहे, दुसरी सायकल काढली. क्लबच्या पोराकडे दुसरी सायकल कुठून येणार?

आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय ते.

धोम धरणाच्या वरच्या अंगाला एक गाव आहे. तिथला दहावीतला एक मुलगा आपल्या क्लबबरोबर येतो. नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखालच. वडील स्ट्रॉबेरीच्या सीझनला टेम्पो चालवतात, इतर वेळी मिळेल ते. सायकल कुणीतरी वापरून दिलेली, २६ इंची, गियरचा एक दात गेलेला. डिसेंबरच्या शर्यतीत हा पोरगा चढ संपला तेव्हा पाचवा होता. पुण्या-मुंबईहून आलेल्या पंचवीस-तीस जणांच्या पुढे. मी वरच्या खिंडीत कॅमेरा घेऊन उभा होतो, माझ्याकडे फोटो आहे. त्याच्या मागे तीन मिनिटांनी जो आला त्याच्या फक्त चाकांच्या किमतीत या पोराच्या घराचा पत्रा बदलून झाला असता.

उतारावर याचं मागचं टायर फाटलं. पंक्चर नव्हतं, टायरची बाजूची भिंतच काळ्या दगडाने चिरली. टायर आधीच गुळगुळीत झालेलं, आतले धागे दिसत होते. पोरगा चार किलोमीटर सायकल खांद्यावर घेऊन चालत खाली आला. शर्यत संपलेली, बक्षिसं वाटून झालेली. मी त्याला वडापाव दिला. खाताना तो म्हणाला, "काका, कार्बनचं चाक असतं तर फुटलं नसतं ना?"

मला काय बोलावं कळेना. कारण टायर फाटण्याचा आणि रिंग कशाची आहे याचा काडीचा संबंध नाही. लाखाच्या रिंगवर असलं टायर चढवलं असतं तरी ते त्याच दगडावर असंच फाटलं असतं. त्याला हवं होतं अडीच-तीन हजारांचं चांगल्या जाड भिंतीचं टायर. त्याला हे माहीत नव्हतं, कारण आपण त्याच्यासमोर कधी टायरबद्दल बोलतच नाही. आपण बोलतो चाकांबद्दल. कुणाची किती ग्रॅमची, कुणी कुठून मागवली, कस्टममध्ये किती गेले. आणि काय सांगावं, त्याने माझी ती चौकटही वाचली असेल. त्याच्या डोक्यात आपणच हे भरलंय की ही श्रीमंतांची शर्यत आहे, तू हरलास तो तुझ्याकडे पैसे नाहीत म्हणून. पुढच्या दोन रविवारी तो आला नाही. तिसऱ्या रविवारी मी गावात जाऊन आलो तेव्हा म्हणाला, "नंतर बघू, काका."

हा खेळ मुळात असा नव्हता. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात माउंट टॅमल्पायस नावाच्या डोंगरावर काही पोरांनी जुन्या, भंगारात निघालेल्या जाडजूड सायकली उतारावरून सोडायला सुरुवात केली. वीस-वीस किलोची धुडं. उतारात ब्रेक इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचं नावच 'रिपॅक' पडलं. हाच खेळ १९९६ला अटलांटाच्या ऑलिम्पिकमध्ये गेला.

मग तीन लाखांचं करायचं काय? मी बैठकीत कागद दिला होता, तो कुणी वाचला नाही म्हणून इथे सांगतो. नियमित येणारी बारा मुलं-मुली आहेत. प्रत्येकाला चांगल्या टायरची जोडी सहा हजारांपर्यंत. ट्यूबलेससाठी टेप, व्हॉल्व्ह, सीलंट अडीच हजार. हेल्मेट दोन हजार. माणशी साडेदहा हजार, बाराजणांचे एक लाख सव्वीस हजार. ज्यांच्या रिंगा ट्यूबलेसला चालत नाहीत त्यांचं काय हा प्रश्न रास्त आहे, त्यांना त्याच पैशांत चांगल्या ट्यूब आणि पंक्चरचं सामान घेऊ. तीस हजारांत आऊट काढायचा स्टँड आणि नीट हत्यारं, मिस्त्री महिन्यातून एक दिवस मुलांना शिकवायला तयार आहेत, मी विचारलंय. राहिले एक लाख चव्वेचाळीस हजार. त्यात वर्षभराच्या शर्यतींची प्रवेश फी आणि सायकली न्यायला टेम्पो. टेम्पो कुणाचा घ्यायचा हेही मी सुचवू शकतो.

ट्यूबलेसचं एवढं का लावून धरलंय? कारण आपल्याकडे बाभळी आहेत. बारीक काटा घुसला तर आतलं सीलंट भोक बुजवतं, पोरगं पुढे जातं. ट्यूब दगडावर चिमटून फुटायची भीती नसते म्हणून हवा कमी ठेवता येते. चाळीस पीएसआयच्या ऐवजी पंचवीस ठेवा, खडकाळ वाटेवर टायर उड्या मारत नाही, जमीन धरून चालतं. पकड वाढते आणि वेगही वाढतो. कार्बनच्या चाकाने जे मिळतं त्याहून जास्त इथे मिळतं. विश्वास नसेल तर येत्या शनिवारी माझ्या सायकलवर दोन्ही दाबांनी एकेक फेरी मारून बघा.

दोन आक्षेप राहिले. एक, "आमच्या पैशाने आम्ही काय घ्यायचं ते तुम्ही कोण सांगणार?" काहीही सांगणार नाही. स्वतःच्या पैशाने कार्बन घ्या, सोन्याचं घ्या, मी फोटो काढून देईन. सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये सायकली आणि सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आणलाय, त्याचा लाभ घ्या. पण हा पैसा तुमचा नाही.

दुसरा, "भारी चाकं दिसली की पोरांना प्रेरणा मिळते." प्रेरणा मिळालेला पोरगा मी बघून आलो. त्याची सायकल गोठ्यात आहे, मागच्या चाकाला टायर नाही.

बैठक येत्या रविवारी सकाळी आठला, नेहमीच्या हॉलमध्ये. देणगीदारांनाही मी फोन केला होता, ते स्वतः येतायत. मतदान झालं तर वर्गणी भरलेल्यांनाच मत आहे, पावती बरोबर ठेवा. आणि ज्यांनी यंदाची वर्गणी भरली नाही, त्यात प्रस्ताव मांडणारेही आहेत, त्यांनी शनिवारपर्यंत खजिनदारांकडे भरून टाकावी, म्हणजे नंतर तक्रार नको.