आमच्या रडण्याचे क्लोजअप बंद करा



आधी माझं पाप सांगतो, मग तुमचं काढतो.

मी एक शॉर्टफिल्म केली. आठ मिनिटांची. आमच्या वस्तीतली एक मावशी ठेकेदाराकडं झाडूकाम करते, तिच्यावर. हातमोजे नाहीत, गमबूट नाहीत, पगार तीन महिने तुंबलेला. एकूण खर्च ४,३०० रुपये. फोन मित्राचा, काचेला तडा गेलेला. कॉलरला लावायचा माईक ९०० चा. उजेड परतवायला थर्मोकोलच्या दोन शीट. बाकी सगळे चहा, वडापाव आणि रिक्षात गेले. एडिटिंग फुकटच्या सॉफ्टवेअरवर, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर, रात्री जागून. शेवटचा शॉट मावशीच्या चेहऱ्याचा. ती रडतेय, कॅमेरा हळूहळू जवळ जातोय, मागं बासरी. चाळीस सेकंद.

एका शहरातल्या महोत्सवात तिला बक्षीस मिळालं. खादीचे झब्बे घातलेले लोक डोळे पुसत माझ्याकडं आले. "अस्वस्थ केलंत हो!" म्हणाले. मी फुगलो.

मग जयंतीच्या आदल्या रात्री विहारात पांढरी चादर ताणून वस्तीला दाखवली. संपली. टाळी नाही. मावशी उठली आणि म्हणाली, "बाळा, मी रडले ती दोन मिन्टं. मुकादमाच्या अंगावर धावून गेले, आमी बाराजणींनी तीन दिस झाडू खाली ठिवला, पगार घिऊनच उचलला. तवा बी तू फोन धरून हुबा हुतास की. त्ये कुटं गेलं?"

ते माझ्या फोनमध्येच होतं. मीच कापलं होतं. का? तर म्हणे 'टोन' बिघडत होता.

हा टोन माझ्या डोक्यात कुणी भरला? आईनं नाही, वस्तीनं नाही. सिनेमानं भरला.

१९३६ साली बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' आला. देविकाराणी त्यात अस्पृश्य पोरगी झाली. गोड, सोज्वळ, आणि शेवटी रेल्वेच्या रुळावर मेली. १९५९ साली बिमल रॉयचा 'सुजाता' आला. त्यातली नायिका मरत नाही, पण घरातली म्हणून पास व्हायला तिला सांभाळणाऱ्या बाईला स्वतःचं रक्त द्यावं लागतं. आधी रक्त, मग माया. हे सिनेमे वाईट मनानं काढले असं मी म्हणत नाही. पण हिशेब बघा. वरच्या घरची नटी अस्पृश्य झाली की देश रडतो. उलटं झालं तर? मल्याळमचा पहिला मूकपट 'विगतकुमारन'. त्यात पी. के. रोझी या दलित बाईनं नायर स्त्रीची भूमिका केली. पडद्यावर दगड आले. रोझीला गाव सोडून पळावं लागलं, आणि पुन्हा ती पडद्यावर दिसली नाही.

म्हणजे आमचं दुःख चालतं. आम्ही चालत नाही.

आता त्याच १९३६ सालची दुसरी गोष्ट. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना परिषदेचं अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषण हातात पडल्यावर त्यांना घाम फुटला. मजकूर बदला म्हणाले. बाबासाहेबांनी साफ नकार दिला. परिषद बारगळली. तेव्हा बाबासाहेब रडत बसले नाहीत. ते भाषण त्यांनी स्वतःच्या खर्चानं छापलं. १,५०० प्रती. दोन महिन्यांत संपल्या. तेच आपलं 'जातिनिर्मूलन'. मित्रांनो, लो बजेट शिकायला आपण फी भरून वर्कशॉपला जातो. धडा तर घरातच आहे. सभागृह मिळत नाही? मग छापा!

तामिळनाडूत दिव्या भारतीनं हेच केलं. हातानं मैला काढायला लावणं १९९३ च्या कायद्यानं बंद झालं, २०१३ च्या कायद्यानं पुन्हा बंद झालं, आणि गटारात माणसं मरतच राहिली. २०१७ साली तिनं त्यावर 'कक्कूस' हा माहितीपट काढला. पोलिसांनी खेळ अडवले, तिच्यावर केसेस घातल्या. तिनं फिल्म सरळ इंटरनेटवर टाकली. ज्याला बघायची त्यानं बघितली. १९३६ ची छपाई आणि २०१७ चा फोन, यात मला फरक दिसत नाही.

आपलं हे अनियतकालिक अजून स्टेन्सिलवर निघतं. हसणारे हसतात. पण स्टेन्सिलवर सेन्सॉर बसत नाही. २०२५ साली 'फुले' चित्रपट ११ एप्रिलला, जोतिबांच्या जयंतीला यायचा होता. सेन्सॉरनं जातींच्या उल्लेखांवर कात्री मागितली, पुण्यामुंबईच्या काही संघटनांनी ओरडा केला, सिनेमा २५ एप्रिलवर गेला. मोठ्या पैशाच्या सिनेमाला हे सोसावं लागतं. आपल्या चार हजारांच्या फिल्मवर कुणाची कात्री नाही. आणि तरी मी मावशीचा संप कापला! बाहेरचा सेन्सॉर परवडला. हा आत बसलेला सेन्सॉर आधी हाकला.

आता तुमचं काढतो.

नागराज मंजुळेनं अहमदनगरला शिकत असताना 'पिस्तुल्या' ही शॉर्टफिल्म केली. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग 'फॅन्ड्री'त जब्यानं दगड भिरकावला, तो थेट बघणाऱ्याच्या तोंडावर आला. त्या दगडानं मराठी सिनेमाचं कपाळ फुटलं. पण त्यानंतर तुम्ही पोरांनी काय केलं? माझ्याकडं आलेल्या दहा शॉर्टफिल्ममधल्या सहा दगडानं संपतात! दगड एकदाच लागतो रे. दुसऱ्यांदा उचलला की ती पोज होते. तुमच्या गल्लीतलं भांडण रेशनच्या दुकानात असेल, स्कॉलरशिपच्या टेबलावर असेल, भाड्याची खोली नाकारणाऱ्या सोसायटीच्या गेटवर असेल. ते दाखवा. मंजुळेची नक्कल करून मंजुळे होता येत नाही.

दुसरं. आपण सिनेमावर बोलत नाही, फक्त जयजयकार करतो. आपल्या माणसानं काढलाय ना, मग उत्तम. 'झुंड'मध्ये बाबासाहेबांच्या चित्रासमोर अमिताभ उभा दिसला तर आमच्या एका कार्यकर्त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण घरी येताना प्रश्न पडला, बाबासाहेबांच्या मोठेपणाला अमिताभची साक्ष कधीपासून लागायला लागली? हे बोललो तर तो म्हणाला, तू चळवळ फोडतोस. अरे, मत मांडल्यानं जी चळवळ फुटते ती आधीच तडकलेली असते!

आणि आपल्या कवितेला व्याकरण नाही म्हणणारे आता म्हणतात, तुमच्या सिनेमाला व्याकरण नाही. त्यांना उत्तर शिव्यांनी देऊ नका, कामानं द्या. हललेलं चित्र लोक खपवून घेतात, ऐकू आलं नाही की उठून जातात. म्हणून पहिला पैसा आवाजावर घाला. माईक नसेल तर दुसरा फोन बोलणाऱ्याच्या खिशात रेकॉर्डिंगला ठेवा. शॉटच्या आधी एक टाळी वाजवा, म्हणजे चित्र आणि आवाज नंतर जुळवता येतो. पंखा बंद करा. खिडकीचा उजेड फुकट आहे, तो वापरा. आणि बासरी? ती तर पहिली बंद करा!

पण सगळ्यात मोठा नियम तंत्राचा नाही. ज्याच्यावर फिल्म काढली, ती पहिली त्यालाच दाखवा. महोत्सवाच्या आधी, दोस्तांच्या आधी. त्यानं काढ म्हटलं तर काढा, घाल म्हटलं तर घाला. पटलं नाही तर त्याच्याशी भांडा, पण समोर बसून. खेळानंतर तासभर कुणी उठायचं नाही. कोण काय बोललं ते वहीत लिहायचं आणि इकडं पाठवायचं. शिव्या असल्या तरी छापू.

मी फिल्म पुन्हा बांधली. आता ती अकरा मिनिटांची आहे. रडणं सहा सेकंद. संप साडेतीन मिनिटं. मुकादमावर धावतानाचा शॉट हललेला आहे, कारण माझा हात थरथरत होता. तसाच ठेवलाय. ज्या महोत्सवानं बक्षीस दिलं त्यांना नवी फिल्म पाठवली. 'पूर्वीचा परिणाम राहिला नाही' असं कळवलं त्यांनी.

मावशीला पुन्हा दाखवली. ती म्हणाली, "आता मी दिसते. पर बाकीच्या अकराजणींची नावं कुटं हायेत?"

नावं टाकायला बसलोय. तुम्ही कशाला थांबलाय? फोन खिशात आहे, वस्ती दारात आहे. उठा!

जयभीम.