पटाच्या कडेचं काय? : गोंदियाच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, गोंदिया

विषय : शंकरपटाच्या परवानगीत धावपट्टीच्या कडेची अट घालण्याबाबत



धान निघाला, मळणी आटोपली, की जिल्ह्यातल्या बांध्या रिकाम्या होतात आणि चौकाचौकांत पटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचे, फलक लागतात. गोंदिया शहरातून बालाघाट रस्त्याने निघाले की पहिल्या काही किलोमीटरांतच नागरा हे गाव लागते. तिथल्या जुन्या शिवमंदिरात महाशिवरात्रीला लोटणारी गर्दी आपल्या कार्यालयाला बंदोबस्ताच्या कागदांतून ठाऊक असेलच. दिवाळीनंतरच्या मंडईच्या उत्सवापासून महाशिवरात्रीपर्यंतचा काळ पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत पटांचा आणि नाटकांचा. या काळात पटाच्या परवानगीचे अर्ज आपल्या टेबलावर येतात, आणि या पत्राला बोलायचे आहे ते त्या अर्जाबद्दलच.

अर्ज चांगला आहे. महाराष्ट्राने २०१७ साली केलेल्या बैलगाडी शर्यतीच्या नियमांनी आयोजकाला बरेच काही विचारले आहे. पन्नास हजारांची हमी ठेवा, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी करा, धाव हजार मीटरांपेक्षा लांब नको, एका बैलाला दिवसात तीनपेक्षा जास्त वेळा पळवू नका, जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याच्या हाती काठी-चाबूक नको, विजेचा झटका देणारी वस्तू तर अजिबात नको. धावपट्टी सपाट हवी. दगडाची, चिखलाची चालणार नाही. आणि सगळ्याचे चित्रीकरण करून ते आपल्याकडे सादर करा. नियम मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

ही परवानगी सहज मिळालेली नाही. जुलै २०११ मध्ये केंद्राने बैलाला खेळासाठी न वापरायच्या प्राण्यांच्या यादीत टाकले. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या बैलगाडी शर्यतीही थांबवल्या. २०१७ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला, तर त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना अटकाव केला. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींसह वाट मोकळी केली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती कायम ठेवली. या काळात कितीतरी घरांत पटाच्या जोड्या दावणीलाच म्हाताऱ्या झाल्या. प्राणीमित्रांचा आक्षेप निकालाने संपलेला नाही आणि त्यांनी तो सोडावा असे हे पत्र म्हणतही नाही. पण पट भरणार असेल, तर तो नीट भरावा, यावर दोन्ही बाजूंचे एकमत व्हायला हरकत नसावी.

नियमांचा सगळा भर बैलावर आहे, आणि तो असायलाच हवा. मात्र धावपट्टीची कड कुठे संपते, ती ओलांडली तर काय, आणि हे ठरवायचे कोणी, हा भाग आयोजकांच्या समजुतीवर राहिला आहे. पट तर कित्येकदा कडेवरच जिंकला आणि हरला जातो.

पट पाहिलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. कुठे दोन जोड्या शेजारीशेजारी सुटतात, कुठे एकेक जोडी घड्याळावर पळते. छकडा हलका, धुरकरी त्यावर जेमतेम टेकलेला, आणि समोर काही सेकंदांचा खेळ. झेंडी पडली की एखादी जोडी सरळ रेघेसारखी जाते. एखादी मात्र मध्येच कलते, शेजारच्या पट्टीत घुसते आणि पलीकडची जोडी बुजते. बुजलेल्या जोडीचा डाव गेला. मग पंचांच्या मंडपापाशी घोळका जमतो. कलणाऱ्या जोडीचा मालक म्हणतो, बैलच तो, त्याला काय रेघ कळते? दुसरा म्हणतो, बैलाला नाही कळत, कासरा धरणाऱ्याला तर कळते! दोघांचेही खरे असते, आणि पंचाकडे निकाल लावायला लिहिलेला नियम नसतो. मग गावातले वजन, पाहुणेपणा आणि आवाज यांच्या जोरावर निकाल लागतो.

इनाम लहान होते तेव्हा हे खपून गेले. आता बैलगाडा शर्यतीचे इनाम कुठे पोचले ते सगळ्यांना माहीत आहे: मे २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत पहिल्या बक्षिसाला जेसीबी होता. आपल्याकडचे पट एवढे श्रीमंत नाहीत, पण मोटारसायकल इनामात दिसू लागली की कडेवरचा वाद नुसत्या मानाचा उरत नाही.

कड कशी सांभाळायची हे शिकायला मोटार शर्यतींच्या जगाकडे पाहायला हरकत नाही, कारण तिथे पैसा, कॅमेरे आणि नियमांची पुस्तके सगळे असूनही याच प्रश्नाने फजिती झाली. तिथला नियम सोपा आहे. ट्रॅकच्या दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या रेघा ही हद्द. गाडीचा कोणताच भाग हद्दीत उरला नाही तर ती बाहेर गेली. वळणावर थोडे बाहेरून गेले तर वेग कमी करावा लागत नाही, म्हणून चालकाला मोह होतो. फॉर्म्युला वनमध्ये तिसऱ्या चुकीला काळा-पांढरा झेंडा दाखवतात आणि त्यानंतर सेकंदांची शिक्षा सुरू होते. एवढे असून २ जुलै २०२३ च्या ऑस्ट्रियन ग्रां प्रीत काय झाले? एका शर्यतीत हद्द ओलांडल्याची शक्यता असलेली बाराशेहून जास्त प्रकरणे पंचांच्या समोर आली. ती वेळेत तपासून होईनात. शर्यत संपली, विजेते व्यासपीठावर चढले, एका संघाने हरकत घेतली आणि काही तासांनी आठ चालकांना नव्याने शिक्षा झाल्या. चौथा आलेला कार्लोस सेन्झ सहावा झाला. जगातल्या सर्वांत महागड्या खेळाचा निकाल संध्याकाळी बदलला! आपल्या पटाच्या मंडपातली भांडणे पाहणाऱ्याला यात जरा समाधानच वाटावे.

पुढच्या वर्षी तिथे शिक्षा वाढवली नाही. सर्वांत जास्त चुका होत होत्या त्या शेवटच्या दोन वळणांवर रेघेच्या बाहेर खडीचा पट्टा टाकला. बाहेर गेले की चाक खडीत आणि वेळ वाया. रेघ ओलांडून काही मिळेनासे झाले तशा चुका झपाट्याने घटल्या. हौशी पातळीवर, जिथे ना शंभर कॅमेरे ना पगारी पंच, तिथे तर हेच जास्त साधे करून ठेवलेले असते. अमेरिकेतल्या क्लबांच्या ऑटोक्रॉसमध्ये मोकळ्या मैदानावर प्लॅस्टिकचे शंकू मांडून रस्ता आखतात. शंकू पाडला तर प्रत्येकी दोन सेकंद वेळेत मिळवतात आणि ठरलेल्या दोन शंकूंमधून गेलाच नाही तर ती फेरी बाद. शंकू पडला की नाही यावर वाद घालायला फारशी जागा राहत नाही, कारण तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आडवा असतो.

खडी बैलाच्या खुरासाठी नाही, हे उघड आहे. पण आपल्याकडे त्याहून मऊ वस्तू आहे आणि ती फुकट पडलेली असते : धानाचे तणस. पट्टीच्या कडेने तणसाच्या पेंढ्यांची ओळ लावली तर हद्द लांबून दिसते, बैलाला इजा होत नाही आणि ओळ विस्कटली की छकडा कुठून गेला ते दिसते. मोटार शर्यतींतही कधी काळी कडेला पेंढ्याच्याच गाठी असत. मे १९६७ मध्ये मोनॅकोत लोरेन्झो बांदिनीची गाडी त्यांवर आदळून पेटली, तो वाचला नाही, आणि त्यानंतर त्या गाठी हद्दपार होत गेल्या. पटाच्या मैदानात पेट्रोल नाही, पण विडी आहे. म्हणून तणस लावायचे तर पाण्याचा टँकर आणि विडी-सिगारेटची मनाई ही त्याच अटीतली पुढची ओळ.

हद्दीचा नियम आपल्याच राज्यातही सापडतो. सातारा-सांगलीकडच्या मैदानांत एका फेऱ्याला अनेक गाड्या सुटतात. तिथे प्रत्येक गाडीला तास, म्हणजे तिची पट्टी, ठरवून दिलेला असतो आणि दुसऱ्याच्या तासात शिरणारी गाडी बाद धरण्याची पद्धत आहे. निकालासाठी ड्रोन आणि पडद्यावरचे चित्रण वापरणेही तिथे आता नवे नाही. सांगली-कोल्हापूरच्या आरत-परत शर्यतीत तर गाडी ठरल्या ठिकाणाहून वळून माघारी यायची, म्हणजे मोटार शर्यतीतला वळण कापण्याचा प्रश्न तिथे जसाच्या तसा हजर. झाडीपट्टीचा पट सरळ असतो, म्हणून आपल्याकडे हा विचार मागे पडला असावा.

आता कडेची दुसरी बाजू, आणि खरे तर तीच आपल्या कार्यालयाशी जास्त संबंधित. पट्टी जिथे संपते तिथे माणसे उभी असतात. रात्री गावात नाटक असते, लेकी-जावई आलेले असतात, लांबच्या गावांहून ट्रॅक्टर भरून लोक येतात. पाहणाऱ्याला जोडीच्या जितके जवळ जाता येईल तितके हवे असते. मोबाइल हाती आल्यापासून तर लोक पट्टीत वाकून उभे राहतात. उधळलेली जोडी गर्दीत शिरून लोक जखमी झाल्याच्या बातम्या राज्यात शर्यती पुन्हा सुरू झाल्यापासून येतच आहेत. तिथे पट्टीची कड हा निकालाचा प्रश्न राहत नाही, जिवाचा होतो. मोटार शर्यतींनी हेही भोगले आहे.

११ जून १९५५ ला फ्रान्समधल्या ल माँच्या शर्यतीत पिएर लव्हेग याची मर्सिडीज उडून कडेच्या प्रेक्षकांत कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. तिथे गाड्यांचा रस्ता आणि प्रेक्षक यांच्यात मातीचा बांध तेवढा होता. शेजारच्या स्वित्झर्लंडने त्यानंतर सर्किटवरच्या मोटार शर्यतींवर बंदी घातली आणि ती अनेक दशके उठली नाही. आपल्या पटप्रेमींनी बंदीची वर्षे नुकतीच भोगली आहेत. पुढची बंदी आलीच तर ती न्यायालयातल्या युक्तिवादापेक्षा एखाद्या दुपारच्या चेंगराचेंगरीतून येण्याची शक्यता जास्त आहे, हे आयोजकांना आपल्या कार्यालयाने स्पष्ट शब्दांत सांगावे.

तेव्हा मागणी अशी. परवानगीच्या आदेशात आजच्या अटींखाली कडेची एक अट जोडावी. अर्जासोबत पट्टीचा आराखडा मागावा : प्रत्येक पट्टीची रुंदी, दोन पट्ट्यांमधले अंतर, शेवटच्या रेघेपुढे जोडी थांबायला ठेवलेली मोकळी जागा. ही शेवटची जागा विसरूच नये, कारण जिंकलेली जोडी रेघेवर थांबत नाही आणि तिला आवरायला धावणारी माणसेही तिथेच असतात. पट्टीची हद्द आणि प्रेक्षकांचा कठडा यांच्यात कोणीही उभे राहणार नाही असा रिकामा पट्टा हवा. तो किती रुंद असावा हे कागदावर ठरवू नये. पशुसंवर्धन विभागाचे डॉक्टर, पोलीस आणि दोन-चार जुने धुरकरी यांना एकदा मैदानावर नेऊन ठरवावे. धुरकऱ्यांचा सल्ला सहसा कोणी घेत नाही, आणि उधळलेली जोडी किती पावलांत आवरते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

बाद कधी, हेही पहिली जोडी सुटण्याआधी ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवावे. छकड्याची दोन्ही चाके हद्दीबाहेर गेली तर फेरी बाद, मग ती धुरकऱ्याने नेलेली असो की बैलाने. इथे हेतू तपासत बसू नये. बैलाचा हेतू कोण सांगणार? दुसऱ्या जोडीच्या पट्टीत शिरून तिला बुजवले तर बुजलेल्या जोडीला पुन्हा धाव मिळावी, पण तिच्या बैलांचा दिवसाच्या तीन धावांचा हिशेब मोडणार नसेल तरच. इथे बैल आधी, निकाल नंतर. आणि चित्रीकरण तर नियमाने करायचेच आहे. आज ते बहुधा आपल्या कार्यालयात सादर करण्यासाठी होते. तोच कॅमेरा शेवटच्या रेघेशी आणि दुसरा पट्टीच्या लांबीवर लावला, आणि वाद झाला तर दोन्ही मालकांसमोर ते चित्र पाहून निकाल देणे आयोजकाला बंधनकारक केले, तर खर्च फारसा वाढत नाही.

यावर आयोजक म्हणतील, हा गावचा खेळ आहे, याला फॉर्म्युला वन करू नका. त्यात तथ्य आहे. पट भरवणारी मंडळे वर्गणीवर चालतात. पन्नास हजारांची हमी उभी करतानाच त्यांची दमछाक होते. म्हणून या अटीत विकत घ्यावे लागेल असे फारसे काही नसावे. तणस गावात आहे, बांबू गावात आहेत, चुना आहे, आणि रेघेवर उभा राहणारा पंच शेजारच्या गावातून आणता येतो. तो शेजारच्याच गावाचा असावा, एवढा एक आग्रह मात्र धरावा. यजमान गावचा पंच आणि यजमान गावची जोडी ही गाठ सुटली की निम्मे तंटे मंडपापर्यंत पोचतच नाहीत.

शर्यतीचा अर्ज बरेच दिवस आधी करावा लागतो, आणि पट्टी आखायला बांधी रिकामी व्हावी लागते. त्यामुळे अट या हंगामात लागू व्हायची असेल तर सुधारित नमुना दिवाळीआधी आठही तहसील कार्यालयांत पोचायला हवा. उशीर झाला तर एखाद्या तालुक्यातल्या पहिल्या दोन-तीन पटांवर तो निदान प्रयोग म्हणून वापरावा, आणि तिथले चित्रीकरण पाहून पट्ट्यांची रुंदी पुढच्या वर्षासाठी बदलावी.

कळावे,
पटाच्या मैदानावरचा एक प्रेक्षक
नागरा, ता. जि. गोंदिया