जोडून आलेल्या सुट्ट्या

नवे कालनिर्णय भिंतीवर टांगले की सणांच्या तिथींआधी आता लाल आकडे शोधले जातात. २०२५ साली स्वातंत्र्यदिन शुक्रवारी आला; दुसऱ्या दिवशी गोपाळकाला, तिसऱ्या दिवशी रविवार. शासकीय कर्मचाऱ्यांना तर २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचाच आठवडा आहे. अशा वेळी किती घरांत ध्वजवंदनाची आठवण होते आणि किती घरांत मुक्कामाच्या आरक्षणाची, हे ज्याचे त्याने मनाशी तपासावे.

विश्रांतीला विरोध असण्याचे कारण नाही. राबणाऱ्या गृहस्थाला कुटुंबासह डोंगरदऱ्यांत चार दिवस काढावेसे वाटणे स्वाभाविकच आहे. (गृहिणीला ती विश्रांती कितपत मिळते, हा प्रश्न वेगळा, प्रवासाचे डबे बहुधा तिलाच भरावे लागतात.) प्रश्न आहे तो सर्वांनी एकाच दिवशी, एकाच रस्त्याने, त्याच चार ठिकाणी लोटण्याचा.

जुन्नर तालुक्याला शासनाने २०१८ मध्ये पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट एवढे वैभव एका तालुक्यात असताना तो मिळणे योग्यच होते. परंतु जोडसुट्टीत पुणे-नाशिक महामार्ग चाकणला तुंबतो, तेव्हा त्या रांगेत केवळ पर्यटक नसतात. नारायणगावच्या बाजारातून निघालेला टोमॅटो तेथेच अडकतो आणि रुग्णवाहिकाही. चार तास मोटारीत कोंडलेली मुले शिवजन्मस्थानी पोहोचतात ती चिडून, थकून. घाईने छायाचित्रे काढून परततात. मागे राहतात बाटल्या आणि वेष्टने.

ही गर्दी जिवावरही बेतते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरण परिसरात धबधब्याच्या लोंढ्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळून चौघांचा बळी गेला. दोन्ही दिवस रविवार होते. पूल धोकादायक ठेवणाऱ्या प्रशासनाला दोष द्यावाच लागेल. पण फलक वाचूनही पुढे जाणारी पावले प्रशासनाची नसतात.

याच जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी बुद्रुक हे गाव आहे. तेथील नदीकाठच्या थरांत ज्वालामुखीची राख आणि आदिमानवाची दगडी हत्यारे सापडली. ती राख सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या कोणत्या उद्रेकाची, तिचे वय किती, यावर संशोधकांचे वाद झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी येथे काम केले. एवढे असूनही सहलींच्या यादीत या गावाचे नाव क्वचितच आढळते.

जुन्नर-आंबेगावची असंख्य कुटुंबे पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्याला गेली. त्यांची सुट्टी पूर्वी गावची यात्रा, घरचे लग्न नाहीतर शेतातले काम यांतच जाई. आता मुलगा-सून त्याच महामार्गाने एखाद्या रिसॉर्टला जातात आणि गावातल्या आई-वडिलांना दूरध्वनीवर खुशाली कळते. पंधरा ऑगस्टला गावच्या शाळेतही झेंडा फडकतो. त्या दिवशी नातवंडे तेथे उभी राहिली, तर नंतर त्यांना नदीवर नेऊन ती राख दाखवायला आजोबा घरीच आहेत. त्यासाठी कोठे आरक्षण करावे लागत नाही.