पोरीच्या रविवारचा हिशेब

पोस्ट लांबलचक आहे, आधीच सांगतो. पण गेल्या सोमवारी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा तो स्क्रीनशॉट ज्यांनी पुढे ढकलला, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

नाव लिहीत नाही. आपल्याच गावातली पोरगी, इटलीत बोलोन्याला शेतीविषयात एम.एस्सी. करतेय. फोटोत डोळ्यावर गॉगल, हातात आईस्क्रीम, मागे लांबच लांब कमानी. त्यावर कुणीतरी लिहिलं, ‘बापाची जमीन गहाण, लेक फिरतेय छान.’ यमक जुळलं म्हणून लोकांनी हसरे चेहरे टाकले. त्यातला एक माझा होता. खातरजमा केल्याशिवाय बातमी लावायची नाही, हे डिप्लोमाच्या पहिल्याच महिन्यात शिकलो होतो. इथे अंगठा आपोआप चालला.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील स्टँडसमोरच्या टपरीवर भेटले. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. चहाचे पैसे ते मला कधी देऊ देत नाहीत. त्या दिवशी अर्धा कप तसाच ठेवून उठले. ‘तुम्ही पण हसला का हो?’ एवढंच बोलले.

मग जे आधी करायला पाहिजे होतं ते केलं. पोरीला फोन लावला. ‘लिहा काका, फक्त नाव नको,’ म्हणाली. अण्णांचीही परवानगी घेतली. तर घ्या हिशेब.

शनिवारी ती दोन मैत्रिणींबरोबर राव्हेन्नाला गेली. साधी प्रादेशिक रेल्वे, सव्वा तासाच्या आसपासचा प्रवास, एका बाजूचं तिकीट साधारण आठ-साडेआठ युरो. तिथे सहाव्या शतकातली चर्चेस आहेत, भिंतींवर काचेच्या बारीक तुकड्यांची चित्रं. तीन-चार ठिकाणं एकाच तिकिटात, दहा-बारा युरो. दुपारी पियादिना खाल्ली, म्हणजे आपल्या चपातीचीच तिकडची बहीण. त्यात जुन्या रिवाजाने डुकराची चरबी घालतात, म्हणून ही तेलातली मागून घेते. दान्तेची समाधी पाहिली, ती फुकट. सगळा मिळून दिवस पस्तीस-छत्तीस युरोंचा. युरो शंभराचा धरा, साडेतीन हजार झाले. ती तिथे एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात भांडी घासते, भाज्या चिरते. विद्यार्थ्यांना आठवड्याला वीस तास कामाची मुभा आहे. तिच्या चार-पाच तासांची ती कमाई. अण्णांचा त्यात एक पैसा नाही.

रविवार तर त्याहून स्वस्त. महिन्याचा पहिला रविवार होता, त्या दिवशी इटलीतली सरकारी संग्रहालयं सगळ्यांना मोफत असतात. सकाळी बोलोन्याच्या चित्रसंग्रहालयात गेली, राफाएलचं चित्र पाहिलं, खर्च शून्य. दुपारी सान लुकाच्या टेकडीवर चालत गेली. तिथवर जवळजवळ चार किलोमीटर छप्पर असलेली वाट आहे, ६६६ कमानींची, सतराव्या शतकात लोकवर्गणीतून सुरू झालेली. फोटो तिथलाच. आईस्क्रीम अडीच युरोचं. ज्यावर गावात एवढं महाभारत झालं ते हे आईस्क्रीम. संध्याकाळी सातला हॉटेलात ड्यूटी.

आता जमीन. जमीन गहाण नाही. बँकेचं शैक्षणिक कर्ज आहे, तेही विमान, व्हिसा आणि सुरुवातीच्या खर्चापुरतं. इटलीच्या राज्यघटनेचं ३४ वं कलम सांगतं की, हुशार आणि लायक विद्यार्थ्याकडे पैसा नसला तरी सर्वांत वरचं शिक्षण घेण्याचा त्याला हक्क आहे. त्या आधारावर तिथले प्रांत घरचं उत्पन्न बघून शिष्यवृत्ती देतात, परदेशी पोरांनाही. अण्णांनी उत्पन्नाचे कागद गोळा करायला किती चकरा मारल्या, भाषांतर, अपोस्टिल, पुन्हा भाषांतर, ते कुणी ग्रुपवर टाकलं नाही. आणि ठरलेले क्रेडिट मिळाले नाहीत तर शिष्यवृत्तीचे पैसे परत करावे लागतात. तिचे मिळालेत. म्हणजे ‘शिकायला गेली की फिरायला’ या प्रश्नाचं उत्तर तिथल्या कचेरीने कधीच तपासून घेतलंय.

इटली म्हणजे स्वर्ग, असं मी म्हणत नाही. खोली मिळता मिळत नाही. भाड्यांच्या निषेधात २०२३ मध्ये विद्यार्थ्यांनी विद्यापीठांच्या दारात तंबू ठोकले होते. रेल्वेचे संप तर नेहमीचेच. राहण्याच्या परवान्याचं कार्ड हातात यायला तिला महिनोन् महिने लागले. हे सगळं तिने मला हसत सांगितलं. तक्रार एकच केली, ‘काका, बाबांना तो फोटो कुणी दाखवला?’

काही जण म्हणतील, बघा, तिथेही ती अभ्यासच करत होती. खरं आहे. रेल्वेतून दिसलेल्या फळबागांवरच्या गारपिटीच्या जाळ्यांचे फोटो तिने अण्णांना पाठवलेत, आणि अण्णा ते झूम करून करून मला दाखवत होते. पण मी तिची बाजू त्या जाळ्यांवर मांडणार नाही. समजा तिने काहीच पाहिलं नसतं, नुसतं बाकावर बसून आईस्क्रीम खाल्लं असतं, तरी काय बिघडलं? सहा दिवस राबणाऱ्या माणसाचा सातवा दिवस त्याचा असतो. आपल्या गावातली पोरं वर्षातून दोनदा गोव्याला जातात, बापाच्या पैशाने, आणि तिकडून काय काय पाठवतात ते ग्रुपवर सगळ्यांनी पाहिलंय. तेव्हा कुणाची जमीन आठवली नाही. एका चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सच्या पैशात या पोरीचा अख्खा शनिवार होतो.

हिशेबच मागायचा तर ज्या कमानीखाली ती उभी होती तिचा मागा. बोलोन्यात १२८८ सालचा कायदा होता. घरमालकाने दारापुढे कमानींची वाट ठेवायची, स्वतःच्या खर्चाने राखायची, आणि तिच्यावरून चालायचं मात्र सगळ्यांनी. आज त्या शहरात अशा वाटा ६२ किलोमीटर आहेत. आपल्या बाजारपेठेतला फुटपाथ कुठून सुरू होतो ते मला दाखवा. पाट्या, पायऱ्या, फ्रीज, जनरेटर, सगळं त्याच्यावर. स्क्रीनशॉट पसरवणाऱ्यांत त्यातले दोन दुकानदार आहेत, हे मी मुद्दाम लिहितोय. मागच्या महिन्यात तिथेच एक म्हातारी रस्त्यावर उतरली आणि मोटरसायलकवाल्याने तिला उडवलं. ती बातमी मी टाकली, तिला ग्रुपवर तीन अंगठे आले.

आणि ते दान्ते. फ्लोरेन्सने त्याला हद्दपार केलं, १३२१ मध्ये तो राव्हेन्नात वारला. पुढे फ्लोरेन्सने त्याच्यासाठी मोठी कबर बांधून ठेवली, ती रिकामीच राहिली. राव्हेन्नाने अस्थी दिल्या नाहीत. आता दरवर्षी फ्लोरेन्स त्याच्या दिव्यासाठी तेल पाठवतं. उद्या ही पोरगी मोठी झाली की तिच्या सत्काराचा फ्लेक्स कोण लावणार, त्यांची नावं मी आजच सांगू शकतो.

अण्णांकडे काल जाऊन माफी मागून आलो. त्यांनी चहा केला, पण बोलले कमीच.

स्क्रीनशॉट अजून ग्रुपवर आहे. सकाळी ॲडमिनला फोन केला तेव्हा दुपारपर्यंत काढतो म्हणाले. आता रात्रीचे साडेनऊ वाजलेत.